दस्तुरीच्या पुढे

१

गौरी जेवल्या आणि माथेरानचा बेत निघाला. हात वाळेपर्यंत सतरा माणसं झाली. सर्वांत मोठी आत्या, एक्क्याऐंशीची. सर्वांत धाकटं भाचीचं बाळ, आठ महिन्यांचं. महिना डिसेंबर.

२

ग्रुपवर विचारलं, कोणाला काय काय हवंय ते लिहा. बहुतेकांचं उत्तर एकच : "माझं काही नाही, तुम्ही ठरवाल ते."

मग एकेकाला फोन केले. आत्याला रात्री दोनदा उठावं लागतं, तिला खोलीतच कमोड हवा. मोठ्या वन्संना दिवसातून चार वेळा थोडंथोडं खावं लागतं आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. चुलत भावाला रजा फक्त सोमवार-मंगळवार मिळते. यातलं काहीच कुणी ग्रुपवर लिहिलं नसतं.

सतरा जणांचा बेत ठरवायचा तर सतरा फोन करायलाच हवेत.

३

दादाच्या मनात महाबळेश्वर होतं, पोरांच्या मनात मनाली. माथेरान ठरलं ते नेरळमुळे. डोंबिवलीकरांना कर्जत लोकल, पुणेकरांना कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल. कुणालाच रात्रीचा प्रवास नाही.

भाचीचं कारण वेगळं. तिच्या मोठ्या मुलीला, सहा वर्षांची आहे ती, आजवर रस्त्यावर हात सोडून पळता आलेलं नाही.

४

मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच, पुढे बंदी. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. आमचा अख्खा बेत या अडीच-तीन किलोमीटरांवर उभा आहे.

५

पायांचा हिशेब.

काकांचे दोन्ही गुडघे बदललेले. चढ चढतात, उताराला कुणाचा तरी खांदा लागतो. काकूंना उतार चालतो, चढाला धाप लागते. दोघांनी जन्मभर जोडीने फिरायला जायचं ठेवलं आहे, अजून जातात.

भाची बाळाला झोळीत घेणार. बाबागाडी आणू नकोस म्हणून सांगितलं. लाल मातीत, वर आलेल्या मुळांवरून आणि जांभ्याच्या दगडांवरून ती ढकलता येत नाही.

दोघांना घोड्याची भीती. एकाला घोड्याशिवाय दुसरं काही नकोच.

६

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात या डोंगरावर चढला आणि तेव्हापासून माथेरान 'सापडलं' असं धरतात. ठाकर, कातकरी आणि धनगर डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून राहत होते.

७

धाकट्या पुतण्याला घेऊन पाहणीला गेले. सप्टेंबर सरत आला होता. नेरळ स्टेशनाबाहेर टॅक्सीवाले पाच माणसं भरल्याशिवाय निघत नाहीत. घाट चढताना मोटारीचा पहिला गिअर सुटत नाही. कड्यावर तेरडा फुललेला, आणि ढग रस्त्यावर.

दस्तुरीला उतरलं की पहिल्या शंभर पावलांत माणसं घेरतात. घोडा हवा का, हमाल हवा का, हॉटेल हवं का. मिनी ट्रेन चालू आहे का, हे मात्र स्टेशनच्या खिडकीवरच विचारावं. पर्यटकांची इथे दिशाभूल होते म्हणून मार्च २०२५ मध्ये गावानेच बेमुदत बंद पुकारला होता. आपलंच गिऱ्हाईक बुडवून बंद पाळायला गावाला धीर लागतो. मला त्या गावकऱ्यांबद्दल आदर वाटला.

घोड्याच्या दरांचा फलक लावलेला आहे. फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता घासाघीस नको, हेही लिहिलं.

८

नेरळ-माथेरान गाडी १९०७ ची. सर आदमजी पीरभॉय यांचे पैसे, मुलगा अब्दुल हुसेन याची जिद्द. खर्च सोळा लाख. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटर, एकच बोगदा. बोगदा इतका आखूड की त्याचं नाव 'वन किस'.

जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले. गाडी २००७ मध्ये परत आली. मे २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी बंद. पुन्हा सुरू. २०१९ च्या पावसात पुन्हा रूळ गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू.

दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच ठेवतात. अमन लॉज ते माथेरान मात्र शटल चालते. अमन लॉज स्टेशन दस्तुरीच्या जवळ आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्याने तेवढं एक लक्षात ठेवावं.

९

नेरळपासून मिनी ट्रेन अडीच तासांहून जास्त घेते. डब्यात संडास नाही.

आत्या टॅक्सीने. पोरं ट्रेनने. वाद मिटला.

१०

दस्तुरीवर एक हमाल बाई. पन्नाशीच्या. नऊवारीचा काष्टा, पायात रबरी चपला. एका कुटुंबाच्या चाकांच्या दोन सुटकेस समोर ठेवलेल्या. बाईंनी कमरेचं फडकं सोडलं, पिळा घातला, चुंबळ करून डोक्यावर बसवली. पुतण्याला म्हणाल्या, "दादा, हात लावा." पहिली सुटकेस आडवी. दुसरी तिच्यावर. दुसरी चढवताना त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान एकदाच डावीउजवीकडे हलवून वजन मध्यावर आणलं. मग तिसरी पिशवी हातात मागून घेतली आणि चालायला लागल्या. सुटकेसची चाकं वर आभाळाकडे.

पुतण्या परत येईपर्यंत हाताकडे बघत होता. एक सुटकेस उचलायला त्याला दोन्ही हात लागले होते.

११

सामानाचा नियम ठरवला : आपली पिशवी आपल्याला लिफ्टशिवाय दोन मजले चढवता आली पाहिजे. ज्यांना चढवता येत नाही त्यांची पिशवी दुसऱ्या कुणाच्या नावावर आधीच लिहायची. चाकांच्या सुटकेस नकोत. हमाल करायचा तर एका माणसावर एकच डाग.

यावर दादा म्हणाला, "आपण कमी सामान दिलं तर त्यांचीच मजुरी कमी होते." बरोबर आहे. म्हणून मजुरी पूर्ण द्यायची, डाग एक.

१२

गॅसचं सिलिंडर घोड्यावरून वर येतं. भाजी घोड्यावरून. विटा, सिमेंट, फ्रिज, सगळंच कुणाच्या तरी पाठीवरून किंवा डोक्यावरून. वरचा चहा खालच्यापेक्षा महाग का, असं विचारणाऱ्याने दस्तुरीवर अर्धा तास उभं राहावं.

१३

पैशांचं.

अमेरिकेतला भाचा म्हणाला, सगळ्यांचा खर्च मी करतो. त्याच्या मनात काही नव्हतं, प्रेमच होतं. पण चुलत भावाचा फोन आला : "ताई, मग आम्ही येत नाही."

वर्गणी माणशी सारखी ठेवली आणि ती चुलत भावाला झेपेल एवढीच ठेवली. हॉटेल त्या आकड्यावरून निवडलं. भाच्याला सांगितलं, तुला खर्च करायचाच असेल तर सगळ्यांच्या घोड्याचे, हमालांचे आणि रिक्षांचे पैसे तू दे, पूर्ण दराने, सुट्टे बरोबर ठेवून. त्याला ते आवडलं. चुलत भावालाही.

१४

शनिवार-रविवार नको म्हटलं तर शाळा आडवी येते. सोमवार-मंगळवार म्हटलं तर दोघांचे उपास. चतुर्थी त्याच आठवड्यात. साबुदाणा आपला आपण न्यायचा, का हॉटेलवाल्याला सांगायचं, यावर ग्रुपवर जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्याच गोष्टीवर झाली नाही.

सांगायचं. ते करून देतात.

१५

आत्याने फोनवर स्पष्ट सांगितलं : "माणसाने ओढलेल्या रिक्षात मी बसणार नाही. चालवलं तर चालेन, नाही तर दस्तुरीवरून परत येईन." ती नर्स होती. पस्तीस वर्षं माणसं उचलली तिने. कुणाचं ओझं व्हायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

हातरिक्षा म्हणजे रेक्झिनची सीट, दोन मोठी चाकं. एक जण पुढे ओढतो, मागून दोघे रेटतात. उताराला पुढचा माणूस पाय रोवून, मागे कलून गाडी थोपवतो. तेव्हा त्याच्या पोटऱ्या बघाव्यात, किंवा बघवत नाहीत.

१६

सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं की माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा. सायकलरिक्षा चालवणाऱ्यांबाबतचा आझाद रिक्षा पुलर्सचा निकाल १९८० चा. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीही माणसाला माणूस ओढतो आहे, हे संविधानाने दिलेल्या शब्दाशी विसंगत आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. ई-रिक्षा राज्याने घ्याव्यात आणि गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर त्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने चालवायला द्याव्यात. खरे ओढणारे कोण, ते कलेक्टरांच्या समितीने ठरवायचं.

'खरे ओढणारे' हे ठरवावं लागतं, कारण परवाना एकाचा आणि खांदा दुसऱ्याचा, असंही होत आलं आहे.

ई-रिक्षासाठी कोर्टाची पायरी चढले ते एक निवृत्त शिक्षक. पहिली चाचणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

१७

बाजारात एका रिक्षावाल्याशी बोलले. रिक्षा उभी होती, तो चाकाला तेल देत होता.

"बंद झाली तर बरंच होईल ना?"

"बरंच होईल ताई. हे हौसेने कोण ओढतंय? छाती भरून येते चढाला. पण ती गाडी माझ्या नावावर होईल तेव्हा खरं. तोवर घरी दूध तर लागतंच की."

"माझी आत्या बसणार नाही म्हणते."

"बसू नका म्हणावं. पण मग तिकडे ई-रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागेल. त्यांना खुर्ची द्यायला सांगतो मी."

आत्याला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्याला मुलं किती?" मी विचारलंच नव्हतं.

१८

दोघांचंही बरोबर आहे. मी कोणाच्याही बाजूने पोरांना भाषण देणार नाही. रिक्षा, घोडा, ई-रिक्षा, शटल, चारही त्यांनी बघावं आणि दर विचारावेत.

१९

पोरांनी पाहण्याच्या जागांची यादी केली : पॅनोरमा, लुईझा, एको, अलेक्झांडर, गार्बट, किंग जॉर्ज, शार्लोट लेक, पॉर्क्युपाइन.

यादीखाली मी एक नाव लिहिलं : भाई कोतवाल.

"हा कुठला पॉइंट?"

पॉइंट नाही, माणूस. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानातला, १ डिसेंबर १९१२. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. उपाशी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ मध्ये साथीदारांसह विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने गेले. हिराजी पाटील त्यांच्याबरोबर.

पोरांनी लगेच नकाशावर सिद्धगड शोधला. भीमाशंकरच्या अंगाला निघाला. पुढच्या वर्षी तिकडे जाऊ, असं आताच ठरवून टाकलं त्यांनी. जानेवारीतच जायचं म्हणतात.

२०

हे सगळे पॉइंट कुणाला झेपतात?

लुईझा, एको आणि शार्लोट लेक एका बाजूला, एकमेकांना लागून. रस्ता बराचसा झाडांखालून. काका-काकूंना जमेल, मध्ये बसायला जागा आहे. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. पॅनोरमा उत्तरेच्या टोकाला, लांब, तो पहाटे उठणाऱ्यांसाठी. वन ट्री हिल दक्षिणेला. तिथून खाली उतरणाऱ्या शिवाजीच्या शिडीकडे पोरं बघणार, उतरणार नाहीत. हे पोरांच्या आईला लिहून दिलं आहे.

शार्लोट लेकचं पाणी गावाच्या पिण्याचं. पाय बुडवायचे नाहीत. शेजारी पिसारनाथाचं देऊळ. आत्याला तेवढं पुरे आहे.

२१

माकडं पिशवीच्या आवाजाला येतात. प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली की झाडावरून उतरतात. खाऊ कापडी पिशवीत, तोंड बांधून.

शेकरू दिसलं तर ओरडायचं नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि शेंड्यावरून शेंड्यावर जाताना त्याची शेपूट पाहायला मिळणं म्हणजे भाग्य.

२२

औषधांची यादी केली. कुणाची कोणती गोळी, किती वाजता, कोणाच्या पिशवीत. दोन प्रती, एक काकूंकडे, एक माझ्याकडे. हॉटेलवाल्याला विचारलं : फ्रिज आहे का, लाइट गेले तर किती तास चालतो. वर दवाखाना आहे, रुग्णवाहिकेला वर यायची मुभा आहे. तरी हृदयाचं काही झालं तर खाली न्यावं लागणार, आणि घाट तोच. पुतण्याने आत्याच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, पण पहिल्या दिवशी फिरवू नका.

पहिला दिवस रिकामा ठेवला. त्यावर पोरांनी तोंडं वाकडी केली. ठेवला.

२३

हॉटेल स्टेशनपासून जवळचं घेतलं. लांबच्या एका जुन्या पारशी बंगल्याचा व्हरांडा फार सुंदर होता. फरशी लाल, छताला लाकडी झालर, समोर जांभळीची झाडं. मला तो सोडवत नव्हता. तिथे जायला रात्री बॅटरी घेऊन वीस मिनिटं चालावं लागतं. काकांच्या गुडघ्यांनी ठरवलं.

व्हरांड्याचा फोटो ठेवला आहे. दुपारी चहाला तिथे कोणी येऊ देईल का, ते विचारायचं आहे.

२४

केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत रस्त्याला पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर चालणार नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं.

घोडेवाला म्हणाला, ब्लॉकवर घोडा घसरतो. ई-रिक्षावाला म्हणाला, ब्लॉक नसले तर पावसात चाक रुततं. काका म्हणाले, मला सपाट हवं. भाचीची मुलगी म्हणाली, मला लाल मातीच हवी.

२५

आपला कचरा आपण खाली आणायचा. सतरा माणसांचा दोन दिवसांचा. तोही वरून खाली कुणीतरी वाहूनच आणतं ना. बाळाचे डायपरसुद्धा. भाचीने स्वतःच सांगितलं, "माझी वेगळी पिशवी असेल."

२६

चपला बाजारातून, चिक्की बाजारातून. चिक्की परतीच्या दिवशी घ्यायची, आदल्या दिवशी नाही. घेतली की संपते, मग पुन्हा घ्यावी लागते.

२७

आत्याचा काल फोन.

"मी ई-रिक्षाच्या रांगेत उभी राहीन. शटल मिळाली तर शटल. दोन्ही नाही मिळाली तर चालत. मध्ये बसत बसत. पण मला एकटीला सोडून तुम्ही पुढे जाऊ नका."

तिच्याबरोबर कोण, यावर ग्रुपवर लिहिलं. या वेळी कोणीच "तुम्ही ठरवाल ते" म्हटलं नाही. सहा नावं आली. त्यात अमेरिकेतल्या भाच्याचं आणि चुलत भावाचंही. दोघांना ठेवलं. घडीची खुर्ची भाच्याकडे, पाण्याची बाटली आणि छत्री चुलत भावाकडे.

२८

राहिलेली कामं : हॉटेलला आगाऊ रक्कम. कमोडची खोली तळमजल्यावरच आहे ना, पुन्हा विचारणे. डिसेंबरचं मिनी ट्रेनचं वेळापत्रक. हमाल बाईंना दोन दिवस आधी फोन. रिक्षावाल्याला मुलं किती, ते विचारणे.